तंबूखालचं देऊळ

प्रिय मैथिली,

तुझे बाबा पाठीवर पाच किलो तांदळाची सॅक घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारताहेत. माल्टाची तयारी. माझ्याही पाठीला पाण्याच्या बाटल्या बांधून झाल्या. "बसू नकोस गं अनू, गुडघे आखडतात." मी स्वयंपाकघराचं दार लोटून लिहायला बसले आहे.

आपल्या डिस्कव्हरी गार्डन्स कॉलनीत आता वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे की विजयकुमार माल्टाला चाललेत. हमरियाच्या ऑफिसातून घरी येताना ट्रॅफिकमध्ये ते तिथला इतिहास ऐकतात आणि जेवताना मला ऐकवतात. भेंडी कशी झाली ते सांगत नाहीत. पहिल्या दिवशी व्हॅलेटाचा कोट. मग माल्टातलंच मदिना, रबातची भुयारी थडगी, टार्शीनची देवळं. एक दिवस बोटीनं गोझो. लेकीकडे कधी जेवायचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बघू, इन्शाल्ला." त्यांच्या तोंडच्या इन्शाल्लाचा अर्थ 'नाही' असा असतो, हे मला कळतं. वेदांगकडे तुझ्या बाबांची तक्रार केली, तर तुझा भाऊ स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, "मॉम, जस्ट लेट हिम."

लेटच करते आहे. तू फोनवर सांगितलंस की तू रॉबिनबरोबर राहतेस आणि तो हजर इमच्या देवळांपाशी लोकांना माहिती सांगतो, तेव्हापासून. बाबा त्यावर फक्त "ठेवतो" म्हणाले. आठवडाभरात तिकिटं काढली. तुला वाटलं, राग गेला. मलाही वाटलं. रागावले असते तर मी भांडले असते. कोट-बुरुजांशी कसं भांडायचं?

मघाशी त्यांचा नकाशा पाहिला. बघायच्या प्रत्येक जागेवर लाल टिकली आहे. हजर इमवर नाही. पिरॅमिडच्याही आधीचं देऊळ, आणि ते गाळलं कोणी, तर एक पडका बुरूज दाखवायला आपल्याला भर जूनच्या उन्हात हट्टा गावच्या डोंगरात नेणाऱ्या माणसानं. मी म्हटलं, हे राहिलं वाटतं. "त्यावर तंबू घातलाय, ऊनपावसासाठी. मजा नाही." मी म्हटलं, तंबूखाली कोण उभं असतं ते माहीत आहे म्हणून मजा नाही. त्यांनी सॅक उचलली आणि चालायला लागले. अजून चालताहेत.

शेजारची इनेज उद्या दुपारी तिच्या चर्चच्या लोकांबरोबर तिकडे यायला निघते. तिच्याकडे लाडू आणि हे पत्र देते आहे. फोनवर बोलायची सोय नाही, बाबा स्पीकर लावतात. आम्ही येऊ तेव्हा रॉबिन रजा घेणार आहे असं तू म्हणालीस. घेऊ देऊ नकोस. त्याला म्हणावं, नेहमीसारखा कामावर ये. बाबा गोझोला जातील त्या दिवशी मी बसनं हजर इमला येईन, तिकीट काढून इतरांबरोबर उभी राहीन आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकेन. दगडांतलं मला काही कळत नाही. मला माणूस बघायचा आहे.

तुझीच,
आई

ता. क. आज सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, त्या तंबूखाली सावली असते का. मी म्हटलं, असणार. त्यांनी सॅकमधले तांदूळ डब्यात ओतले आणि ऑफिसला गेले.