कुबडी माशी

३ जून
परळच्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस झकास गेला. लोक घरातल्या बारीक माश्या बाटलीत घालून पाठवतात. ती माशी कोणती आणि कुठे वाढते, ते मी सांगायचं. पुष्कर सर म्हणाले, मुलगी बघायला आल्यासारखं तोंड न्याहाळू नका, पंखांच्या शिरा बघा. लालबागला रखमामावशींकडे खोलीही मिळाली. घाण केलीस तर बाहेर, असं त्यांनी आल्याआल्याच बजावलं. मी हसले. माझ्याइतकी टापटिपीची त्यांना अख्खी चाळ पालथी घालूनही सापडणार नाही!

६ जून
उशीवर पाच बारीक माश्या. मोरीतल्याच असणार. भिंग काढायचा कंटाळा केला, मोरीत उकळतं पाणी ओतलं आणि कामावर गेले.

९ जून
आज एक भिंगाखाली घेतलीच. पाठीला कुबड, मागच्या मांड्या जाड, पंखावर पुढे दोन-तीन ठळक शिरा, बाकी पुसट, आडवी एकही नाही. मोरीतली नव्हेच. ही बंद जागेत, सडक्या मांसात वाढते. स्वतःची लाज वाटली. मावशींनी आणि मी कपाट, माळा, सगळं उपसलं. साधा उंदीरही नाही. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तू येवच्या आधी हय एक माशी नाय होती."

११ जून
मैत्रिणीकडे आलेय, दादरला, अनुजाकडे. इथेही उशीवर नऊ. सरांची युक्ती केली: मोरी, बेसिन, भिंतीतल्या फटी, सगळ्या भोकांवर चिकटपट्टी, चिकट बाजू आत. माशी जिथून निघते तिथेच अडकते.

१२ जून
पट्ट्या सगळ्या कोऱ्या. उशीवर अकरा. मी उजवा कान टेकते त्याच जागी —
कान दुखत नाही, नुसता गच्च वाटतो. मी आतून सडतेय का?

१३ जून, दुपार
कानावर पट्टी लावून तासभर पडले. काढली.
सात. पंख अजून मऊ. आडवी शीर एकही —

१३ जून, संध्याकाळ
इस्पितळ. डॉक्टर म्हणाले, अळ्या पडद्याच्या पलीकडे, डोक्याकडे सरकल्यात. उद्या ऑपरेशन. आठवडाभर आधी आली असतीस तर, म्हणाले. सहा तारखेला भिंग हातापाशीच होतं. मला मरायचं नाही.

१४
दारात कुणीतरी. पंख नाहीत. पाय दोन. डोळे दोन, त्यातून पाणी. ओळख पटत नाही — पुन्हा बघते — पंख नाहीत — ती मला कसल्याशा नावाने हाक मारते, ते नाव कुणाचं —