लीलाचा आवाज ठेवलेला फोल्डर

१७ जानेवारी २००७
आज वाडीतलं घर सोडून निजामपुऱ्यात उत्कर्षकडे राहायला आलो. फ्लॅट हवेशीर आहे. गॅलरीत ऊन येतं. बरं वाटलं. सूनबाई अवंतीने माझ्या खोलीत जुना कॉम्प्युटर मांडून दिला. आमच्या हिने गायलेली मंगळागौरीची गाणी कॅसेटींवर होती, ती उत्कर्षने त्याच्या कॉम्प्युटरवर उतरवली आहेत. लीला जाऊन चार वर्षं झाली, पण आवाज कसा शेजारी बसल्यासारखा! दोन्ही कॉम्प्युटर वायफायच्या डबीने जोडलेत, त्यामुळे त्याच्याकडचं मला इथे ऐकता येतं. फक्त दरवेळी पासवर्ड लागतो.

१९ जानेवारी
पासवर्ड सारखा चुकतो. मी सातवी शिकलेला, अक्षरं शोधण्यातच दुपार जाते. उत्कर्षला म्हणालो, काढून टाक. तो म्हणाला, बाबा, मग आसपासचा कोणीही आत शिरेल, काहीही नेईल, काहीही ठेवील. मी म्हणालो, वाडीत दिवसा दार लावलं तर लोक विचारायचे, घरात कोणी गेलं की काय? तो हसला. काढला आणि म्हणाला, घ्या, झाली तुमची पोळ, सगळ्यांना उघडी गल्ली.

२२ जानेवारी
दोघं सकाळीच वाघोडियाला कारखान्यात जातात, ती अंधार पडल्यावर येतात. शेजारी 'केम छो काका' म्हणतात आणि दार लावून घेतात. मी लीलाची गाणी लावतो. तिच्याशी बोलतोही.

२५ जानेवारी
फोल्डरमध्ये नवी फाइल दिसली. तिच्यात गाणं नाही. लीला खोकते आणि विचारते, जेवलात का? अवंती म्हणाली, कॅसेटच्या शेवटी राहिलं असेल, बाबा. असेल.

२७ जानेवारी
आणखी एक. लीला म्हणते, गॅलरीत बसू नका, वारा लागेल. वाडीत आम्हाला गॅलरी नव्हती. हा फ्लॅट तिने— तिने पाहिलाच नाही.

२८ जानेवारी
उत्कर्षने ऐकलं. पांढराफटक पडला. म्हणाला, कोणीतरी हलकट आईच्या आवाजाशी खेळतोय, पासवर्ड आत्ताच लावतो. मी त्याचा हात धरला. ती पुन्हा आली नाही तर? तो ओरडला, बाबा, ती आई नाही! लावला. नव्या फाइली पुसल्या.

२९ जानेवारी
काही नाही. घर फार शांत आहे.

३० जानेवारी
दुपार. नवी फाइल. उत्कर्षला फोन केला. तो म्हणाला, आता बाहेरून कोणी येऊच शकत नाही, ठेवलं तर घरातल्याच कॉम्प्युटरवरून. माझ्याकडून नाही. मग त्याच्या— त्याची खोली बंद आहे. तो घाईने म्हणाला, फ्लॅटबाहेर जाऊन उभे राहा, मी निघालोच.

फाइल लावली. लीला म्हणते, बरं केलंत दार लावून घेतलंत. आता आपण दोघंच.

बंद केली. आवाज थांबत नाही. भिंतीपलीकडून येतोय. बाहेर जायला हवं, कळतंय. पण ती नावाने हाक मारते आहे, आणि इथे आल्यापासून मला कोणी— एकदाच ओ देतो, आणि मग—