लेटंट भेग

प्रिय दादा,

परवा तू फळं देऊन दारातूनच परतलास. चहा टाकते म्हटलं, तर म्हणालास घाई आहे. हे गेल्यापासून माझ्या घरी आलास की तुला घाईच असते. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, "त्यांच्या मनाला लागलंय गं, तू उगाच फाटे फोडू नकोस." मी फाटे फोडत नाही. एक शब्द डोक्यातून जात नाही, एवढंच.

क्रेनचा हूक तुटून यांच्यावर ओझं पडलं, त्या संध्याकाळी तू मला धरून सांगितलंस, "लेटंट दोष होता, कुणालाच दिसला नसता." तेव्हा मला कसलं भान होतं? पुढे कारखान्याचे साहेबही तेच म्हणाले. पण ते हुकाचे तुकडे तपासून झाल्यावर म्हणाले. तुला आधीच कसं कळलं?

थोरल्या लेकीला अर्थ विचारला. म्हणाली, आत असलेलं, पण अजून वर न आलेलं. आजार लेटंट असतो, एखाद्याचा गुण लेटंट असतो. माणसाने मुद्दाम दडवलेल्या गोष्टीला तो शब्द लावत नाहीत. "तू कपाटात लपवतेस ती बिस्किटं लेटंट नसतात, आई," म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी मात्र हातातलं भांडं तसंच धरून बसले.

हूक उतरवायचा, रॉकेलने पुसायचा, कोरडा करून त्यावर खडू फासायचा. भेग असली तर तिच्यात मुरलेलं रॉकेल वर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. थोरलीच्या पाळण्याची कडी यांनी अशीच तपासली होती, माझ्यासमोर. कारखान्यात ते काम तुझं. मग शेवटच्या तपासणीत रेघ उमटली होती का, दादा? की ऑर्डरच्या गडबडीत खडू फासलाच नव्हता? यांची न् माझी गाठ तूच घालून दिलीस, म्हणून हे विचारणं जड जातं. तरी विचारते.

साहेबांकडे मी अजून गेलेले नाही. आज लिहायला बसले, कारण यांच्या जागी कंपनीने थोरलीला घेतलंय. सोमवारी ती त्याच क्रेनखाली उभी राहील, आणि नवा हूकही तूच तपासणार. मामा आहे ना तिथे, म्हणून ती निर्धास्त आहे. रविवारी ये. आत येऊन बस आणि जे असेल ते सांग. त्यावर मी ठरवीन, तिला पाठवायचं की नाही.

तुझीच,
धाकटी