सात नंबरचा क्षार

प्रिय जगन,

मी, पुंडलिक बाबाजी घाग, वय पंचावन्न, रोह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेचा शिक्षक, हे पत्र तुझ्या चंद्रावतीच्या सोयरिकीसंबंधी लिहीत आहे. इतक्या वर्षांच्या मित्राने स्वतःचे नाव आणि हुद्दा असा आरंभी मांडावा, याचे तुला हसू येईल. परंतु हे निवेदन आहे, आणि निवेदन कोण करीत आहे ते पहिल्या ओळीत असावे. हिरामणच्या रघूचे स्थळ तू नाकारलेस. मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, चंद्रावतीने स्वतः पसंत केलेला आहे; यातले काहीही तू अमान्य केलेले नाहीस. तुझा आक्षेप त्याच्या बापावर आहे. "ज्यानं माजी चुगली केली, त्याचे घरान मी पोर नाय देनार," असे तू ठमावहिनींना सांगितलेस. म्हणजे तुझा नकार एकाच गोष्टीवर उभा आहे. त्या गोष्टीविषयी मला जे ठाऊक आहे ते क्रमाने लिहितो.

यंदाही बारावीच्या परीक्षेला आमच्या केंद्रावर देखरेख माझ्याकडे होती. रसायनशास्त्राचा पेपर सुटला आणि पोरे नेहमीप्रमाणे पायऱ्यांवर घोळका करून उत्तरे ताडू लागली. दरवर्षी मी त्यांना हाकलतो. "लिहिलं ते लिहिलं, घरी जा," एवढेच म्हणतो. मुले मला खडूस म्हणतात, सहकाऱ्यांना हा शिस्तीचा भाग वाटतो. खरे कारण असे की, उत्तर चुकल्याचे जेव्हा एखाद्याला कळते, तेव्हाचा त्याचा चेहरा मला पाहवत नाही. तो चेहरा पुढे काय करू शकतो हे मला माहीत आहे.

फेब्रुवारी १९८२. पेणच्या आपल्या शाळेतली प्रयोगशाळा, आणि बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. मी निडीहून मामाकडे शिकायला आलेलो. तू आणि हिरामण खाडीकाठच्या शेजारशेजारच्या गावांतून बांधावरून चालत येणारे. बाटलीत पांढरे स्फटिक, वर फक्त नंबर, आणि आत कोणता क्षार आहे ते चाचण्या करून ओळखायचे. तुला सात नंबर आला होता. मलाही सातच. मी एकही चाचणी गाळली नाही. वायू सोडल्यावर नळीत पांढुरका गढूळपणा आला. तो साका नव्हता, पण मी तो साका धरला आणि झिंक सल्फेट असे ठळक अक्षरांत लिहिले. खाली पट्टीने दोन रेघा ओढल्या. उत्तराखाली दोन रेघा ओढण्याची सवय मला अजून आहे.

बाहेर सायकलींच्या छपराखाली आपण उत्तरे ताडली. सात नंबरवाले आपण चौघे. तू म्हणालास, मॅग्नेशियम. मी म्हणालो, झिंक, आणि साऱ्या चाचण्या पाठ म्हणून दाखवल्या. तू शांतपणे सांगितलेस, "अरे, यो आमचे खारीचा कडू पानी हाय. मना नको शिकवू." तुमच्या खारीतल्या मिठागरात मीठ ओढून झाल्यावर जे पाणी मागे राहते ते वेळेत सोडून दिले नाही तर पुढचे मीठ नासते; ते पाणी कधी सोडायचे हे तुझे वडील बोट बुडवून जिभेवर ठरवीत, आणि तूही दहाव्या वर्षापासून तसेच ठरवीत होतास. परीक्षेत तू बाटलीतला कण जिभेला लावलास, चव ओळखलीस, आणि मग त्या उत्तराला शोभतील अशा चाचण्या उलट क्रमाने लिहून काढल्यास. हे तू लपवले नाहीस. उलट रंगवून सांगितलेस. उरलेल्या दोघांचे उत्तरही मॅग्नेशियमच होते. हिरामणला वेगळा नंबर होता, तरी तोच मला म्हणाला, "काय घाग मास्तर, जिभेपुढं तुमचा पुस्तक हरला का?" सगळे हसले. तूही हसलास, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून. तो हात मला हसण्याहून अधिक झोंबला.

तुला आठवत असेल, मी पेन राहिल्याचे निमित्त करून आत गेलो. मी तक्रार करायला गेलो नव्हतो. एवढे तरी मला खात्रीने सांगता येते. बाहेरगावचे परीक्षक चहा पीत बसले होते. मी विचारले, सर, सात नंबर झिंक होता ना? ते हसून म्हणाले, "मॅग्नेशियम, बाळ." त्यावर मी निघून यायला हवे होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पण सर, जगनने ते चाखून ओळखलंय. चाचण्या केल्याच नाहीत." भिंतीवर लाल अक्षरांत सूचना होतीच की कोणताही पदार्थ चाखू नये. मी बोललो ते अक्षरशः खरे होते. आयुष्यात मी पुष्कळ खोटे बोललो असेन, पण इतके वाईट असे त्या एका खऱ्या वाक्याखेरीज काही बोललेलो नाही.

त्याच वेळी हिरामण आपला विसरलेला रुमाल घ्यायला दारात आला. त्याने सगळे ऐकले. तो माझ्याआधी बाहेर पडला. मी मागच्या दाराने गेलो. पुढच्या दाराने येताना तुला फक्त तो दिसला, आणि पाचच मिनिटांत शिपाई तुला बोलवायला आला. चाखलेस का, असे परीक्षकांनी विचारले. तू हो म्हणालास. तुझ्या जागी मी असतो तर नाही म्हणालो असतो. त्या प्रश्नाचे तुझे सगळे गुण गेले, तू प्रात्यक्षिकात नापास झालास, आणि ऑक्टोबरला पुन्हा बसलाच नाहीस. आधी मिठागर, मग बांध फुटून खार पाण्याखाली गेल्यावर डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्ट. मी पास झालो, पण परीक्षानळी हातात धरवेना म्हणून वाणिज्य शाखेला गेलो. लोकांना वाटले, मार्क कमी पडले.

तू हिरामणला विचारलेस. तो "मी नाय" एवढेच म्हणाला. तू उरलेल्या दोघांना विचारलेस, शिपायालाही विचारलेस. मला मात्र कधी विचारले नाहीस. माझ्याविषयीची तुझी ती खात्री मी सदतीस वर्षे निमूटपणे उपभोगली. नातेवाइकांच्या उरलेल्या खारीतून दरवर्षी मे महिन्यात तू जाड्या मिठाची पिशवी माझ्याकडे पोचवतोस. गेल्या वर्षीची अजून तशीच शिवलेली आहे. आमची गिरजाबाई विचारते, लोणच्याला दुकानचे मीठ का आणता. मी तिला काहीतरी कारण सांगतो.

आता हे आजच का लिहितो ते सांगतो. गेल्या रविवारी हिरामण रोह्याला माझ्या घरी आला. मला वाटले, इतक्या वर्षांनी का होईना, माझ्याकडे हिशोब मागायला आला. त्याने तसे काही मागितले नाही. मी मध्यस्थ म्हणून तुझ्याकडे यावे एवढेच तो म्हणाला. जगन दुसऱ्या कुणाचे ऐकणार नाही, तुझ्या शब्दावर हो म्हणेल, असे तो मला म्हणाला. मी लगेच कबूल झालो. मला फार सोपे वाटले. मी चार शब्द बोललो असतो, तू हिरामणला माफ केले असतेस, लग्न लागले असते, आणि त्या मांडवात मी मानाने बसलो असतो. निघताना मी त्याला विचारले, तू जगनला माझे नाव का सांगितले नाहीस? चपला घालत तो म्हणाला, "त्याचे दोस्त दोनच. मी तर त्याचे मनातून जेलोच होतो. तुला पन घालवून त्याला काय रवला असता?"

आज सकाळी कपडे करून मी तुझ्याकडे यायला तयार होतो. आलो असतो तर तू हिरामणला माफ केले असतेस, आणि माफ करण्याजोगे त्याने काहीही केलेले नाही. म्हणून आलो नाही, हे पत्र पाठवतो. चंद्रावतीला होकार दे. त्या घरात तुझी चुगली करणारा कुणी नाही. मला लग्नाची पत्रिका पाठवू नकोस, आणि या मे महिन्यात मीठही नको. जे आहे तेच मी अजून उघडलेले नाही.

तुला ज्याला विचारावेसे वाटले नाही तो,
पुंडलिक बाबाजी घाग
रोहा, १७ मार्च २०१९