मेंढी जनावरात येते का?

११ मार्च २०१३
मेंढीनं आज राजपत्र खाल्लं! मी संदर्भ विभागात बसले होते. सहकार कायद्यावर प्रबंध लिहायचाय आणि अंबाजोगाईत त्यावरची पुस्तकं आमच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच. मागं कुरकुर वाजलं. वळून बघते तर काय — खालच्या कप्प्यातला अंक अर्धा तोंडात! ग्रंथपाल सुंदरराव धावले. "सभासद नसताना हात लावलाच कसा?" हे मेंढीला!

मेंढी साखराबाईची. नांदूरघाटकडून कळप घेऊन आलेली. मागच्या मैदानावर दूध संस्थेची चारा छावणी आहे ना, तिथं तिला आत घेत नाहीत. चेअरमन मोहनराव म्हणाले म्हणे — छावणी जनावरांची, मेंढी जनावरात येत नाही.

"मंग काय हाय ती? पाखरू हाय का?" साखराबाई ओरडली. मग हळूच म्हणाली — दोन कोकरं वाटेतच गेली.

१२ मार्च
सापडलं! कोंडवाड्याचा जुना कायदा, १८७१ चा. गुरांत आणखी काय काय येतं, ते सरळ लिहिलंय — हत्ती, उंट, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी. मेंढी आहे!! सुंदरराव झेरॉक्स काढू देईनात, पान तुटेल म्हणून. हातानं उतरवून घेतलं.

१४ मार्च
वाचनकक्षात पंखा आहे, म्हणून संस्थेची बैठक तिथंच भरते. मी उतारा वाचला. मोहनराव — "म्हंजे उद्या हत्ती आला तर त्यालाबी चारा घालायचा?"

झालं! सगळी दुपार हत्तीवर. हत्ती किती खातो, दावणीला कसा बांधायचा, छावणीचा बिल्ला कानात कुठं मारायचा. एक संचालक म्हणाले, आपल्याकडं हत्ती न्हाईच की. मोहनराव म्हणाले, दुष्काळ हाय, कुठूनबी येईल. शेवटी हत्ती उपसमिती नेमली. मेंढीचा विषय वेळेअभावी तहकूब.

व्हरांड्यात साखराबाई वाट बघत होती. काय सांगावं तिला?

१८ मार्च
हत्ती उपसमितीची बैठक. गणपूर्तीअभावी रद्द.

१९ मार्च
आणखी एक कोकरू गेलं. आज काही वाचलं नाही मी.

२० मार्च
मोहनरावांना गाठलं. "मेंढी जनावर, कबूल," म्हणाले. "पण छावणी सभासदांची. बाई सभासद हाय का?"

मग संस्थेचे नियम, म्हणजे उपविधी, काढले. सभासद म्हणजे कोण? — जो संस्थेला दूध घालतो तो. दूध म्हणजे काय? — सभासदानं संस्थेला घातलेलं ते! पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. गाईचं की म्हशीचं, एक अक्षर नाही. सुंदररावांना दाखवलं तर ते चष्मा पुसून म्हणाले, "छपाई मात्र चांगली हाय."

मोहनराव खूश. "आदी दूध का आदी सभासद? सांगा मॅडम!"

मी चिडून म्हटलं — दोन्ही एकदम!

२१ मार्च
आणि केलंसुद्धा! साखराबाईनं मेंढी पिळली — तांब्याचा जेमतेम तळ भरला. डावा अंगठा सभासदत्वाच्या अर्जावर, उजव्या हातानं दूध मापात. मी "हं!" म्हटलं की दोन्ही एकाच वेळी. पहिल्यांदा अंगठा आधी उमटला, मोहनरावांनी हरकत घेतली. दुसऱ्यांदा जमलं. संस्थेचे सचिव टाळ्या वाजवून बसले, मग ओशाळले.

मेंढरं आत गेली. साखराबाईनं माझे दोन्ही हात धरले. मलाच रडू फुटलं, सगळ्यांदेखत. लाजच वाटली!

६ एप्रिल
साखराबाई रोज तांब्याभर-अर्धा तांब्या दूध घालते. "सभासद हाय न्हवं मी," म्हणते. ऊन लई. सुंदररावांनी तिच्यासाठी व्हरांड्यात माठ ठेवलाय, पण मला सांगितलं — वाचकांसाठी आहे.

२ मे
संस्थेची मुदत संपली, निवडणूक लागली. मोहनराव सकाळीच ग्रंथालयात. "उमेदवार कोण होऊ शकतं, तेवढं लेखी द्या. कुणी भानगड करायला नको."

उपविधी वाचले. चेअरमन तोच, ज्यानं चालू वर्षात दूध घातलं. विचारलं, तुम्ही घातलं?

"म्हशी आटल्या की, मॅडम!"

बाकीच्यांनी?

"सगळ्यांच्याच आटल्या."

मग लेखी द्यायला मी कागद पुढं ओढला. पंखा तेवढा खडखडत होता.

९ मे
साखराबाई बिनविरोध चेअरमन. मोहनराव उठले, हार घेऊन पुढं झाले, म्हणाले, "या, बाईसाहेब!" — ती मागं वळून बघायला लागली, कोण आलं म्हणून.