आता बोला

तीर्थरूप बाबा,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

रविवारी माझ्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या मंडळींबरोबर इकडच्या विकलो नावाच्या डोंगरात दिवसभर चालले. रानडुकराच्या शिकारीला तुम्ही शिकवलंत तसंच. चढणीला बसले नाही, दम लागल्यावर पावलं लहान टाकली आणि तोंड बंद ठेवलं. पाय अजिबात दुखले नाहीत. पण इथली माणसं चालताना गप्पाच मारतात. मी गप्प, म्हणून त्यांना वाटलं, हिला एकटीलाच राहायचंय. मग कोणी बोललंच नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? आता शिकारीला तुमच्या मागून कोण चालतं?

शिकार आटपून उतरताना तुम्ही "आता बोला रे" म्हणायचात आणि सगळे एकदम बोलत सुटायचे. रविवारी गाडीपर्यंत मी त्याचीच वाट बघत होते.

फोन कराल तेव्हा आधी तेवढं म्हणा.

तुमची शर्वाणी