आधी देवडी बघू

अण्णा, येत्या रविवारी घरातली सगळी म्युझियम बघायला निघाली आहेत. नातीनं मोबाइलवर तिकिटं काढली, कुठल्या दालनापासून सुरुवात करायची, जेवायला कुठे थांबायचं, सगळं ठरवून टाकलं. "आजी, इतकी वर्षं हैदराबादेत राहून तू एकदाही गेली नाहीस?" असं तिनं विचारलं आणि मी खाली मान घालून डाळ निवडत राहिले. एकदा गेले होते, तुमच्याबरोबर, हे तिला सांगता आलं नाही. तेव्हा तो सगळा खजिना नदीपलीकडे नवाबांच्या जुन्या देवडीत होता, म्हणजे ते हयातीत राहत त्या राजवाड्यातच; ते वारल्यावर तिथंच म्युझियम उघडलं होतं. ती देवडी आता नाही, सामान केव्हाच नव्या इमारतीत गेलं. तुम्ही मात्र मला अजून तिथंच उभे दिसता.

त्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं होतं. तुमच्या कचेरीत ज्याला त्याला विचारत होते, इथं राहणार की मराठी मुलखात जाणार? आईही रोज विचारायची. तुमचं उत्तर ठरलेलं, "आधी देवडी बघू, मग ठरवू." आईला हा निव्वळ छळ वाटायचा. गौलीगुड्याच्या आपल्या दोन खोल्यांत तिनं अर्धी भांडी पोत्यात बांधून ठेवली होती, आणि नेमकी झाऱ्याची गरज लागली की पोतं सोडायला लागायचं. तुम्ही तिकडे बघतसुद्धा नव्हता. आजोबांनी त्या देवडीची चाकरी केली होती. तुम्हाला मिसरूड फुटायच्या वयात ते तिथं सलामाला घेऊन गेले, नवाबसाहेबांनी नुसती मान हलवली आणि तुम्हाला सरकारी नोकरी लागली. तुमचं शिक्षण, तुमची लिखापढी, सगळी उर्दूत. मराठी आपण घरात बोलायचो तेवढीच. ज्या मुलखाला लोक तुमचा मुलूख म्हणत होते, तिथल्या कचेरीत एक साधं टिपण लिहायचं तर तुमचा हात अडखळला असता. ही भीती तुम्ही कोणाला बोलून दाखवली नाहीत, पण ती होती, हे मला आता कळतं.

म्हणून देवडीचा बेत लांबत गेला. आज ऊन फार, पुढच्या इतवारी कोणी पाहुणे. बेत मात्र रोज नव्यानं व्हायचा. अफझलगंजवरून पायी निघायचं की आईसाठी रिक्षा करायची, बेगम बाजारातून फुटाणे आणायचे की पुऱ्या करून न्यायच्या. आणि मुख्य म्हणजे रीत. गादीवर लोड ठेवून तुम्ही ती नवाबांची मसनद केलीत आणि मला न् धाकट्याला समोर उभं केलंत. डोकं झाकलेलं हवं, वाकून हात जमिनीजवळून कपाळाला न्यायचा, आणि निघताना मसनदीकडे पाठ करायची नाही, मागे मागे चालत दारापर्यंत यायचं. धाकटा मागे येता येता पाण्याच्या कळशीवर जाऊन पडला. आई हसली.

"तिकीट काढून जायचंय ना? मग सलाम कुणाला करायचा? तिकीट फाडणाऱ्याला?"

"रीत ठाऊक असलेली बरी," तुम्ही म्हणालात. "न जाणो."

शेवटी एका इतवारी निघालो. निजामी गेल्यापासून पेटीत पडलेली शेरवानी तुम्ही काढली, डोक्यावर दस्तार, कमरेला दरबारी पट्टा. रस्त्यात लोक वळून बघत होते आणि तुम्ही खुशीत होता. आत गेल्यावर घड्याळं झाली, हस्तिदंती खुर्च्या झाल्या, संगमरवरी बाया बघून आईनं धाकट्याला पुढे ढकललं. मग ती बैठकीची खोली येते. दोरी लावलेली आहे, पलीकडे मसनद, लोड, हुक्का. तुम्ही थांबता. आम्हाला वाटतं तुम्ही बघताय. आणि तुम्ही वाकता, हात खाली जातो, कपाळाला येतो, पुन्हा खाली जातो. मग तुम्ही पावलं मागे टाकू लागता, नजर खाली, गर्दीच्या आणि काचेच्या कपाटांच्या मधून. कोणीतरी हसतं. दाराशी उभा असलेला राखणदार, तुमच्या निम्म्या वयाचा, तुमचा दंड धरतो.

"चच्चा, वां कोई नै है. सामने देख को चलो, कांच फूटेगा."

तो उद्धट नव्हता, अण्णा. खरं तर त्यानं तुम्हाला सांभाळून घेतलं. तुम्ही दस्तार काढून हातात घेतली आणि उरलेल्या खोल्या न बघता आम्हाला बाहेर आणलंत. पुलावर आईला म्हणालात, "कचेरीत लिहून देतो. जाऊ आपण." इतके दिवस हेच ऐकायला आसुसलेली आई घाबरली. "मी म्हणते म्हणून नको हं," ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "नाही. तो पोरगा बरोबर बोलला. तिथं कोणी नाही."

पुढे नांदेडच्या कचेरीत तुमच्या मराठीला लोक हसायचे. साहेब टिपणं परत पाठवायचे. तुम्ही घरी येऊन माझ्या शाळेच्या पुस्तकातून शुद्धलेखन काढायचात, आणि मी तुम्हाला मजकूर सांगायचे. हैदराबादचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाहीत, आणि नांदेडातच वारलात. लग्न होऊन मी इथं परत आले, त्या पुलावरून हजारदा गेले, आणि दर वेळी मला राग आला. तुमच्या सलामाचा नव्हे. एका पोराच्या एका वाक्यावर तुम्ही सगळं शहर सोडून दिलंत, त्याचा. तिथं कोणी नव्हतं हे खरं, पण गौलीगुड्यात आम्ही होतो ना. भाजीवाला होता, शेजारची खाला होती, माझी शाळा होती. आम्ही तुम्हाला दिसलो नाही, हे मी आईलाही कधी म्हटलं नाही.

रविवारी सगळ्या खोल्या बघायच्या असं नातीनं ठरवलं आहे. नव्या इमारतीत ती मसनद ठेवली आहे की नाही, मला माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही. असेल तर माझाही हात कपाळाकडे जाईल. तो सलाम मसनदीला नसेल, तुम्हाला असेल. पण ते त्या पोरांना कसं सांगू? घरात सांगितलंय, तुम्ही जा, माझा गुडघा धरलाय. गुडघा चांगला आहे, अण्णा.